एएम-पीएम संस्कृतातून आलेले नाहीत

'एएम म्हणजे आरोहणम् मार्तण्डस्य, पीएम म्हणजे पतनम् मार्तण्डस्य. इंग्रजांनी आपलेच शब्द पळवले' हा मेसेज पुन्हा फिरतो आहे. शिकलीसवरलेली माणसंही तो अभिमानाने पुढे ढकलतात, याचं वाईट वाटतं.

मेसेजचा पहिला सवाल: इंग्रजीत 'आधी' आणि 'नंतर' म्हणतात, पण कशाच्या, ते सांगतच नाहीत. सांगतात. मूळ लॅटिन शब्द 'आन्ते मेरिदिएम' आणि 'पोस्त मेरिदिएम'. 'मेरिदिएस' म्हणजे भर दुपार. त्यात 'मेदिउस' म्हणजे मधला आणि 'दिएस' म्हणजे दिवस. मग 'द'चा 'र' कसा झाला? इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या वारो या रोमन पंडिताने लिहून ठेवलंय की जुनी माणसं इथे 'र' नाही, 'द' म्हणत. प्राएनेस्ते गावच्या सूर्यघडीवर तसं कोरलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं. इंग्रजांनी भारतात पाऊल ठेवण्याच्या दीड हजारांहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट. चोरीचा आरोप इथेच संपतो.

दुसरं, 'पतन' का? संस्कृतात आरोहणाचा जोडीदार 'अवरोहण'. तो घेतला तर दुपारनंतरचंही 'एएम'च होईल. 'पी' हवा म्हणून 'पतन' आणलंय, हे उघड दिसतं. सकाळी सूर्य चढतो, दुपारनंतर उतरतो, हे खरंच; म्हणून मेसेज पटकन पटतो. पण अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असं नाही.

शिवाय आपल्याकडे व्यवहारात बारा-बारा तासांचे दोन भाग नव्हतेच. अहोरात्राच्या ६० घटिका, ३० मुहूर्त, ८ प्रहर. दिवसाच्या भागांना पूर्वाह्ण, मध्याह्न, अपराह्ण असे नेमके शब्द होते. सूर्योदयापासून दोन प्रहर सरले की मराठीत 'दुपार'. हे असताना 'मार्तण्डस्य'ची गरज कुणाला होती?

खरं नातं या मेसेजमध्ये नाहीच. 'मेदिउस' आणि आपलं 'मध्य', 'दिएस' आणि आपलं 'दिवस' ही एकाच भाषाकुळातली भावंडं आहेत. कुणी कुणाकडून उचललेली नाहीत; दोघांचं मूळ त्याहून जुन्या, सामायिक भाषेत आहे.