वाशिष्ठीकाठी कारभार कसा करावा

चिपळूणच्या नगरपरिषदेत नुकतेच निवडून आला असाल, तर आधी अभिनंदन. वरून वाशिष्ठी, मधून शिवनदी, खालून भरती. अशा गावाचा कारभार अवघड असतो म्हणतात. मनावर घेऊ नका, कागद सांभाळता आले की झालं.

भाषणाची सुरुवात इतिहासाने करा. गोवळकोटच्या धक्क्याला गलबतं लागायची, माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे चढायचा, गावात १८६४ सालचं वाचनालय आहे, सगळं सांगा. गलबतं यायची ती पात्र खोल होतं म्हणून, एवढं एक वाक्य गाळा. त्याच वाचनालयात २००५ आणि २०२१ साली पुराचं पाणी शिरलं, हेही सत्काराच्या दिवशी नको.

आता गाळ. लोक साखळी उपोषणाला बसले की तो काढावाच लागतो. मोजमाप मात्र डंपरच्या खेपांवर धरा. कामाआधी आणि कामानंतर पात्राचे आडवे छेद घ्यायचे, दोन्ही पातळ्यांतल्या फरकावरून घनमीटर काढायचे, ही रीतसर पद्धत आहे. तिच्यात खोट इतकीच की आकडा खरा येतो. उपसलेला गाळ सुटा होऊन फुगतो, म्हणून खेपांच्या हिशेबात नदी प्रत्यक्षापेक्षा जास्त खोल होते. ढीग काठावरच मारा. वाहतूक वाचते, पहिल्या जोरदार पावसात माल आपल्या पायांनी पात्रात परत जातो आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकाचीही सोय होते.

नालेसफाईची निविदा एप्रिलमध्ये काढायची घाई नको. जून लागू द्या, मग तेच काम तातडीचं होतं आणि नगरपरिषद कायद्याच्या कलम ५८(२) चे अध्यक्षांचे तातडीचे अधिकार कामाला येतात.

पूर आला की कारण एकच धरून बसा: कोयनेचं अवजल. पूर्वेला कृष्णेकडे जाणारं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला आणायचं, त्यावर वीज करायची आणि कोळकेवाडी धरणाच्या खाली वाशिष्ठीत सोडायचं; कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. आकडा भारदस्त, शिवाय तुमच्या हद्दीबाहेरचा. भरतीचा विषय काढू नका. ती दाभोळच्या खाडीतून वर सरकते, दिवसातून दोनदा, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. नेमका तेव्हाच घाटात पाऊस कोसळला तर वाशिष्ठीला पुढे वाट राहत नाही, शिवनदीला फुगवटा येतो आणि पाणी बाजारपेठेत मागच्या दाराने शिरतं. हे वेळापत्रक कोणालाही महिनाभर आधी छापता येतं. पण ते वाटलंत तर दुकानदार माल वेळेत माळ्यावर चढवतील, मग पंचनाम्यात लिहायचं काय?

खरी कसोटी पूररेषांची. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवं. जोतं उचलायला सिमेंट लागतं, रेषा हलवायला ठराव पुरतो. 'फेरसर्वेक्षण व्हावे' हे दोन शब्द तोंडपाठ ठेवा. सोळा वर्षांत दोनदा पूर कसा आला, असं सभेत कोणीतरी विचारणारच. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता, मागचा पूर हिशेबात धरत नाहीत, हे गणित तिथे फोडू नका. "येऊन गेला, पुढचा नातवंडांनी बघावा," म्हणा, टाळ्या पडतात.

पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ उरते. सर्वेक्षणवाले जोत्यापासून तिची उंची मोजतात आणि लाल रेषा कुठे पडायला हवी ते ठरवताना तीच पुरावा म्हणून पुढे येते. म्हणून पंचनामा झाला रे झाला की रंगरंगोटी उरकून घ्या, सुशोभीकरणाच्या निधीतून. ऑइलपेंटच वापरा. डिस्टेंपर पुढच्या पाण्यात धुऊन जातो आणि एका भिंतीवर दोन-दोन पुरांच्या रेघा दिसू लागतात.