दुसऱ्याच्या घरी ठेवलेली प्रत

थोडं लांब लिहितेय. सामाजिक संस्थांमध्ये काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनी तरी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

मार्च २०२२. युक्रेनवर हल्ला होऊन दोनेक आठवडे झाले होते. रात्रीची जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडायचे आणि एका भल्यामोठ्या तक्त्यात शिरायचे. त्यात युक्रेनमधल्या संग्रहालयांच्या, ग्रंथालयांच्या, अभिलेखागारांच्या वेबसाइटचे पत्ते होते. एक पत्ता घ्यायचा, ती साइट अख्खी उतरवून घ्यायची, सगळी पानं नीट आली का ते तपासायचं, तक्त्यात तसं नोंदवायचं आणि पुढचा पत्ता घ्यायचा. युद्धात सर्व्हर बंद पडण्याआधी साइटच्या प्रती काढून ठेवणारा 'सुचो' नावाचा हा उपक्रम अमेरिका आणि ऑस्ट्रियात राहणाऱ्या तिघा अभ्यासकांनी सुरू केला होता. बघता बघता जगभरातून १,००० हून जास्त माणसं त्यात आली आणि पुढे ५,००० हून अधिक साइट उतरवल्या गेल्या. मी त्यातली अगदी शेवटच्या बाकावरची. मला युक्रेनियनचं एक अक्षर वाचता येत नाही. पण साइट उतरवायला भाषा लागत नाही, चिकाटी लागते.

एकदा एका छोट्या गावाच्या संग्रहालयाची साइट माझ्या वाट्याला आली. त्यात 'रुश्निक' होते. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याने भरतकाम केलेले हे लांब पंचे तिकडे लग्नात वापरतात, देवाच्या तसबिरीवरही घालतात. प्रत्येक फोटोत पंच्याशेजारी लाकडी फूटपट्टी ठेवलेली होती, लांबी कळावी म्हणून. एका फोटोत ती पट्टी धरणाऱ्या बाईंचा अंगठाही आला होता. त्या बाईंनी कधीतरी दुपारभर बसून हे पंचे एकेक करून उलगडले असतील, फोटो काढून पुन्हा घडी घालून ठेवले असतील. त्या रात्री साइट पूर्ण उतरेपर्यंत मी जागी राहिले.

त्याच दिवसांत खारकीवच्या सरकारी अभिलेखागाराची साइट बंद पडली. पण त्याआधीच कोणीतरी तिथला १०० जीबीहून जास्त मजकूर उतरवून घेतला होता. थोडा उशीर झाला असता तर इंटरनेटवरून ते सगळं गेलं असतं.

तेव्हापासून सोव्हिएत संघातून फुटून निघालेल्या देशांतल्या संस्थांबद्दल मिळेल ते वाचते आहे. माझं मत असं झालंय की संस्थेचा खरा भागीदार कोण, हे ती चालू असताना कळत नाही. ती बंद पाडली गेल्यावर तिच्या कामाची प्रत कोणाकडे निघते, त्यावरून कळतं.

त्या समाजाला हे आपल्यापेक्षा फार आधी समजलं. सोव्हिएत काळात सरकारला नको असलेला मजकूर माणसं पातळ कागदांमध्ये कार्बन घालून टाइप करायची. एका खेपेत चार-पाच प्रती निघायच्या. ज्याला प्रत मिळे त्यानेही पुन्हा टाइप करून पुढे द्यायची. मानवी हक्कांच्या उल्लंघनांची नोंद ठेवणारी एक पत्रिका अशी १९६८ ते १९८३ चालली. संपादकांना अटक होत होती, तरी अंक निघत होते, कारण अंक एका जागी नव्हताच.

'मेमोरियल' ही रशियातली संस्था त्याच परंपरेतली. स्टालिनच्या काळात मारली गेलेली, छावण्यांत डांबलेली, हद्दपार केलेली माणसं कोण होती, याची नावं ती गोळा करत आली. पण ही यादी एकट्या मॉस्कोच्या कार्यालयाने केलेली नाही. गावोगावच्या गटांनी आपापल्या भागाच्या स्मरणवह्या तयार केल्या आणि मेमोरियलने त्या एकत्र केल्या. २००७ साली ही यादी सीडीवर निघाली तेव्हा तिच्यात २६ लाखांहून जास्त नावं होती. पुढे इंटरनेटवर ती ३० लाखांच्या वर गेली. मला सीडीची ही गोष्ट फार मोलाची वाटते. सीडी लोकांच्या कपाटात जाते, आणि प्रत्येक कपाटावर छापा घालता येत नाही.

छापे पडलेच. डिसेंबर २००८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या कार्यालयातून पोलीस २० वर्षांच्या कामाच्या हार्ड डिस्क उचलून घेऊन गेले. कोर्टात भांडून त्या परत मिळवायला काही महिने गेले. २८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थाच विसर्जित केली. २०२२ चं शांततेचं नोबेल मेमोरियलला विभागून जाहीर झालं, आणि त्याच दिवशी मॉस्कोतल्या कोर्टाने त्यांचं कार्यालय जप्त करण्याचा आदेश दिला. कार्यालय गेलं, नावं राहिली.

भागीदारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बॅनरवर ओळीने छापलेले लोगो, करारावर सह्या, हॉटेलात कार्यशाळा. मला दुसरंच उदाहरण भावतं. २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या आसपासची जंगलं आणि दलदलीतलं पीट (कुजलेल्या झाडपाल्याचा जळाऊ थर) जळत होतं. तेव्हा काही तरुणांनी काही दिवसांत इंटरनेटवर मदतीचा नकाशा उभा केला. कुठे काय हवंय आणि कोण काय देऊ शकतंय, हे त्यावर दिसायचं. त्यासाठी वापरलेलं सॉफ्टवेअर 'उषाहिदी' केनियातलं होतं, तिथल्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराच्या नोंदी ठेवायला बनवलेलं. स्वाहिलीत उषाहिदी म्हणजे साक्ष. (आपला 'शहीद'ही त्याच अरबी धातूतला.) नैरोबीची वस्तू मॉस्कोच्या कामी आली, कारण ती सगळ्यांसाठी खुली ठेवलेली होती.

त्याच वर्षी रशियात जंगलात हरवलेली एक लहान मुलगी वेळेत सापडली नाही, आणि त्या दुःखातून 'लिझाअलर्ट' हे शोधपथक उभं राहिलं. ते पैशाची देणगी घेत नाहीत, त्यांचं बँक खातंच नाही. गाडी द्या, टॉर्च द्या, वेळ द्या. ड्रोनने काढलेल्या हजारो फोटोंत माणूस शोधायला एका मोबाइल कंपनीने त्यांना संगणकप्रणाली करून दिली. ज्याच्याकडे जे आहे त्याने ते द्यायचं. सगळ्याच संस्थांना असं जमणार नाही, पगार लागतात, भाडं लागतं. पण पैशाची नाळ एकच असली की ती कापणं किती सोपं असतं, हे त्या भागात दिसलंच. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर तसा शिक्का मारणारा 'विदेशी एजंट' कायदा रशियाने २०१२ मध्ये आणला. एप्रिल २०२४ मध्ये किर्गिझस्तानात तशाच धर्तीचा कायदा आला. मे २०२४ मध्ये जॉर्जियानेही २० टक्क्यांहून जास्त परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर शिक्का मारणारा कायदा केला. मग जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत थांबवली आणि जुलैत ती मदत वाटणारी त्यांची सरकारी संस्था यूएसएडच बंद झाली.

आपल्याकडेही २०२० पासून परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. तालुक्यातल्या छोट्या संस्था त्यात कशा कोरड्या पडल्या ते मी जवळून पाहिलंय.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. प्रत सगळ्याचीच ठेवायची नसते. बेलारूसमध्ये २०२० च्या सरकारविरोधी आंदोलनांनंतर ज्यांनी आंदोलकांसाठीच्या ऑनलाइन मदतनिधीला थोडेफार पैसे दिले, त्यांना केजीबीने (तिथल्या गुप्तचर खात्याचं नाव आजही हेच आहे) शोधून बोलावलं आणि सरकारी संस्थांच्या खात्यात पैसे भरायला लावले. देणगीदारांची, पीडितांची, साक्षीदारांची नावं जपून, गरज संपली की पुसून टाकायची. पंच्यांचे फोटो आणि माणसांचे फोन नंबर यांना एकच नियम लावू नका.

आता आमचं. मराठवाड्यातल्या काही गावांत आमच्या गटातल्या बायका पाच वर्षं दर पंधरवड्याला विहिरींची पातळी मोजत होत्या. टेपला वजन बांधून आत सोडायचं, आकडा वहीत लिहायचा. एका प्रोजेक्टमधून त्याचं पोर्टल झालं, उद्घाटनाला मोठी माणसं आली. प्रोजेक्ट संपला. डोमेन पोर्टल बनवणाऱ्याच्या नावावर होतं, त्याने नूतनीकरण केलं नाही. एके सकाळी साइट उघडली तर तिथे दुसरीच जाहिरात. पैसे देणाऱ्यांना पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की नव्या पोर्टलसाठी प्रस्ताव पाठवा. मला अजूनही याचा राग येतो. नवं बांधायला निधी असतो, आहे ते जपायला नसतो.

गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, वह्या हायेत की माझ्याकडं." ट्रंकेत होत्या. दोन वह्यांना वाळवी लागलेली, बाकीच्या चांगल्या. गेल्या महिन्यापासून आम्ही एकेक पान उन्हात ठेवून फोनवर फोटो काढतोय. आकडे साध्या एक्सेलमध्ये भरतोय. एक संच मावशींच्या मुलाकडे, एक पुण्यातल्या एका प्राध्यापकांकडे, एक इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात. शेतकऱ्यांची नावं काढून टाकलीत, फक्त विहिरींचे क्रमांक ठेवलेत. अजून ११ वह्या बाकी आहेत. ज्यांना आकडे भरायला रोज अर्धा तास देता येईल त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा, पानं पाठवते.