रजिस्टर कधी बंद होणार?

'आभा' या चौदा अंकी आरोग्य क्रमांकावरचा आपल्याकडचा वाद दोनच प्रश्नांभोवती फिरतो: किती जणांचे क्रमांक निघाले आणि माहिती सुरक्षित राहील का. दुसरा प्रश्न रास्तच आहे. इंग्लंडमध्येही रुग्णांची माहिती एकत्र करणारी 'केअर डॉट डेटा' योजना लोकांचा विश्वास गमावल्यामुळे २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. पण इथे इंग्लंडमध्येच सरकारी रुग्णालयात नोकरी करताना मला तिसराच प्रश्न टोचतो. माहिती भरणाऱ्या बाईचं कोणतं काम त्यामुळे कमी होणार?

एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, २००२ मध्ये साऱ्या इंग्लंडसाठी प्रचंड संगणक योजना हाती घेतली. निर्णय वरून झाले, वॉर्डातल्या माणसांना फारसं कुणी विचारलं नाही. २०११ मध्ये सरकारने ती मोडीत काढली, तोवर अब्जावधी पौंड गेले होते. त्याच काळात एका रुग्णालयाच्या अपघात विभागात लॉगिन व्हायला मिनिट-दीड मिनिट लागायचं. मग पाळीच्या सुरुवातीला एकाचं स्मार्टकार्ड आत घालायचं आणि त्यावरच सगळ्यांनी काम करायचं, अशी वाट काढली गेली. गोपनीयतेच्या दृष्टीने हे वाईटच. पण छातीत दुखणारा माणूस समोर असताना दर वेळी दीड मिनिट कोण थांबेल? याउलट इथले जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, त्याच्या कितीतरी आधी संगणकावर आले होते. प्रणाली त्यांनी स्वतः निवडली होती आणि दर महिन्याच्या गोळ्यांची चिठ्ठी हाताने लिहिण्यातून त्यांची सुटका झाली होती.

'तुमच्याकडे काय, सगळं एका क्लिकवर!' असं नातेवाईक म्हणतात. तसं नाही. २०१८ मध्येही इथल्या रुग्णालयांत हजारो फॅक्स मशीन चालू होती; नवीन घेण्यावर बंदी घालावी लागली.

आपल्याकडे आशाताई गरोदर बाईची नोंद रजिस्टरात करतात, तीच पुन्हा मोबाइलवर भरतात, महिनाअखेरीला अहवालात तीच परत लिहितात. नेटवर्क नसेल तर ॲपचं काम रात्री घरी. अशा नोंदी घाईत भरल्या जाणार, आणि दोष मात्र तिच्या माथी. ओपीडीच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन करून केस पेपर काढायची सोय बघा. ती लोकांना पटते, कारण रुग्णाची रांग आणि कारकुनाचं टायपिंग, दोन्ही तिथल्या तिथे कमी होतं.

कागद हातचा ठेवावा लागतो, हे मला मान्य आहे. वीज जाते, सर्व्हर बंद पडतो. पण अडचणीपुरता कागद वेगळा आणि रोजची दुहेरी नोंद वेगळी. आरोग्य विभागाने नवं ॲप आणताना त्याच आदेशात लिहावं, की अमुक रजिस्टर अमुक तारखेपासून बंद. आणि ते कोणतं, हे ठरवायला मुंबईच्या बैठकीत आशा, एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) आणि वॉर्डातल्या सिस्टर यांना बसवावं, त्या दिवसाचा मोबदला देऊन.