आमचा वाघ्या सोवळ्यात आहे

आमच्या वाघ्याला माणसं चालतात, मांजरं चालतात, दिवाळी पहाटेचं गाणंसुद्धा चालतं. फक्त कुत्रं चालत नाही. पिल्लू असताना कचराकुंडीपाशी दांडग्या कुत्र्यांच्या टोळक्यानं त्याला लोळवलं होतं, तेव्हापासून जातभाईंबद्दल त्याचं मत वाईट आहे. समोरचं कुत्रं रस्त्यापलीकडे असेल तर तो सोडून देतो. जवळ येऊ लागलं की आधी जांभई देतो, मग ओठ चाटतो, मग मान फिरवतो. 'राहू दे ना बाबा' म्हणायच्या या कुत्र्यांच्या रीती. नॉर्वेच्या टुरिड रुगास बाईंनी या खाणाखुणांचा अभ्यास करण्यात हयात घालवली. तरीही समोरचा आलाच, तर वाघ्या भुंकून इमारत डोक्यावर घेतो. भुंकणं सगळ्यांना ऐकू जातं, जांभई कुणीच पाहिलेली नसते.

"घाबरू नका, आमचा सिंबा काही करत नाही हो!"

सिंबा लॅब्रॅडॉर आहे. त्याचा पट्टा लांबत जाणारा; एका टोकाला सिंबा, दुसऱ्या टोकाला मोबाइलवर बोलणारे सिंबाचे पप्पा. सिंबा काही करत नाही हे मला मान्यच आहे. करणारा माझ्या हातात आहे.

"अहो, हॅलो करायचंय फक्त त्याला. मिसळू द्या, सुधारेल."

लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो, आणि तो कुणीही सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मोकळी कुत्रीसुद्धा एकमेकांच्या अंगावर सरळ चालून जात नाहीत. वळसा घेत, बाजूनं येतात. पट्ट्यात वळसा घेता येत नाही, पळताही येत नाही. उरतं ते भुंकणं. लिफ्टमध्ये तर तेवढीही जागा नसते, म्हणून आम्ही सहा मजले जिन्यानं उतरतो. माझे गुडघे वाघ्याच्या मानसिक स्वास्थ्याला वाहिले आहेत.

फिरायची वेळही अपरात्रीची. तेव्हा कळतं, असे आपण एकटे नाही. ठाण्याच्या निम्म्या भिडस्त कुत्र्यांचे पालक त्याच वेळी बाहेर पडतात. आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी हात वर करतो आणि पुढे जातो. त्यातल्या पश्मीवाल्या काकांचं नाव मला अजून ठाऊक नाही, त्यांच्या पश्मीला जुलाब कशानं होतात ते मात्र ठाऊक आहे.

अशातच पिवळ्या रिबिनीबद्दल वाचलं. कॅनडात २०१२ साली 'यलो डॉग प्रोजेक्ट' सुरू झाला. पट्ट्याला पिवळी रिबीन दिसली की समजायचं, या कुत्र्याला मोकळी जागा हवी, लांबून जा. मी लगेच जरीच्या साडीच्या खोक्यावरची पिवळी रिबीन सोडवली आणि वाघ्याच्या पट्ट्याला बांधली.

खाली उतरलो तर तळमजल्यावरच्या काकूंनी हात जोडले.

"अगं बाई, खंडोबाला सोडलात होय?"

चूक त्यांची नव्हती. नाव वाघ्या, रंग भंडाऱ्याचा, आणि देवाच्या पायाशी कुत्रा असतोच. दोन दिवसांत वाघ्याच्या पाया पडायला माणसं येऊ लागली, त्यांतली काही आपापली कुत्री घेऊन. कॅनडात लांब ठेवणारी रिबीन ठाण्यात रांग लावत होती.

शेवटी काकूंनाच सांगितलं, "काकू, त्याला दुसरं कुत्रं शिवलेलं चालत नाही."

"मग आधी नाही का सांगायचं! सोवळ्यात आहे म्हणा की!"

त्या संध्याकाळी फाटकापाशी सिंबाच्या पप्पांनी मोबाइल खिशात टाकला, पट्टा आखडला आणि ओरडले, "सिंबा, मागे! सोवळ्यात आहे तो!" मी इतके महिने रुगास बाईंचा हवाला देत होतो, त्यानं एक वीतही जागा मिळाली नव्हती. आता आम्ही निघालो की पार्किंग आपोआप दुभंगतं. वॉचमन लिफ्ट रिकामी करून देतो.

आता महिला मंडळानं ठरवलंय, चंपाषष्ठीला वाघ्याला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. ताट किती फुटांवर ठेवायचं, तेही विचारून गेल्या. मी एवढंच म्हटलं, भरितात कांदा-लसूण नको, कुत्र्यांना बाधतं.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, सोवळ्यातल्याला कांदा-लसूण कोण वाढतं?"