पोरगं बॉक्सर व्हायचं म्हणतंय? पालकांसाठी चार हिताच्या गोष्टी

तुमचं पोरगं बॉक्सर व्हायचं म्हणतंय, ऐकून आनंद झाला. पहिली चूक मात्र तुमच्याकडून झालेलीच आहे. ते जन्मायच्या आधीच तुम्ही भिवानीला बदली मागून घ्यायला हवी होती. हरियाणातल्या त्या गावी रात्री कुणाचं नाक फुटलं तर सकाळी कौतुक होतं. २००८ साली बीजिंगमध्ये ७५ किलोत कांस्य जिंकून भारताला बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक देणारा विजेंदरसिंग तिथल्याच कालुवासचा. तुम्ही राहता साताऱ्यात. इथं खेळाडू म्हणजे पैलवान, नाहीतर पळणारा, नाहीतर मिलिटरीत गेलेला. माणच्या ललिता बाबर रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या तेव्हा पळण्याला मान मिळाला; आदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली तेव्हा तिरंदाजीला. बॉक्सिंगची सोयरीक अजून भांडणाशीच आहे. पोरगं डोळ्याखाली निळं घेऊन आलं की शेजारचे अण्णा विचारणार, "कुणी हाणलं?" तुम्ही म्हणणार, "प्रॅक्टिस होती." अण्णा आवाज खाली आणून म्हणणार, "बरं, केस-बिस तर नाही ना झाली?"

तरी सुरुवात शुभ व्हावी म्हणून भिंतीवर खाशाबांचा फोटो लावा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. भाषणात इथपर्यंत सगळेच येतात. तुमच्या कामाचं आहे ते याच्या पुढचं. जायला पैसे नव्हते. गावोगावी वर्गणी फिरली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक आलं, शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल झटकून झाल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून सरांचं कर्ज फेडलं. क्रम पाठ करा. आधी गहाणखत, मग पदक, मग बैलगाड्या, मग फेड.

आता काळ बदललाय. आता प्राचार्यांचं घर आधीच बँकेकडं गहाण असतं, त्यामुळं ते पुण्य तुमच्या वाटणीच्या अर्ध्या एकराला लागेल. सरकार काही करत नाही असं मात्र म्हणू नका, पाप लागेल. ऑलिम्पिकच्या उंबऱ्यावर पोहोचलेल्या खेळाडूला हल्ली मदत मिळते आणि चांगली मिळते. प्रशिक्षक, परदेशी सराव, फिजिओ, सगळं. फक्त उंबऱ्यापर्यंत आपापल्या खर्चानं यायचं. ग्लोव्हज, बॅन्डेज, बूट, माउथगार्ड आणि परराज्यातल्या नॅशनलला जनरल डब्यात दाराशी बसून केलेला प्रवास, हे सगळं त्या आपापल्या खर्चात धरलेलं आहे.

घरातल्या बायामाणसांना आधी वजनाचा विषय समजावून सांगा, कारण खरी लढत तिथंच आहे. आपल्याकडं खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई आणि रविवारी मटण. जितका अंगानं भरेल तितका पैलवान चांगला. तुमच्या पोराला मात्र आपल्या वजनगटाच्या वर भरून चालत नाही. लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहायचं, आणि जिंकला तर पुढच्या लढतीच्या सकाळी पुन्हा. त्यासाठी मे महिन्यात अंगात रेनकोट घालून यवतेश्वरचा घाट चढायचा. खाली उतरल्यावर बाही उलटी केली की घामाची धार लागते. ती बघून आजी घाबरते, पोरगं खूश होतं. मग तोंडात लवंग धरून बाटलीत थुंकत बसायचं, तेवढेच पन्नास ग्रॅम. त्याच दिवशी कुणाच्या तरी घरी पूरणपोळी असते आणि ती ताटलीत झाकून तुमच्याकडं येतेच. पोरानं नको म्हटलं की, "एवढी एक खाल्ली तर काय होतंय?" पॅरिसला विनेश फोगटचं काय झालं ते सगळ्या गावाला तोंडपाठ आहे, शंभर ग्रॅमवर दोन-दोन तास चर्चा झाल्यात, पण पोळी आपल्या घरची असली की ती वजनात धरत नाहीत.

आजीला मेरी कोमची गोष्ट सांगून बघा. २०१८ मध्ये पोलंडच्या स्पर्धेला ती पहाटे पोहोचली तेव्हा वजन दोन किलो जास्त होतं आणि काट्यावर उभं राहायला जेमतेम चार तास. बाईनं तासभर दोरीवरच्या उड्या मारल्या, वजन उतरवलं आणि सुवर्ण घेऊन परत आली. आजी ऐकून म्हणेल, "तिच्या पोटात कुणी काही घातलं का नाही मग?" ठीक आहे, सगळ्यांनाच सगळं पटलं पाहिजे असं नाही.

मेरी कोमचा विषय निघालाच आहे तर एक नाजूक बाब. बॉक्सिंगमधली आपली ऑलिम्पिक पदकं आजवर तीन, आणि त्यातली दोन बायकांची: मेरी कोम लंडनला, लवलीना बोर्गोहेन टोकियोला. जागतिक स्पर्धेत मेरी कोम सहा वेळा विजेती, निखत झरीन दोनदा. २०२५ ला लिव्हरपूलमध्ये जास्मिन लंबोरिया आणि मीनाक्षी हुडा. पुरुषांत सगळ्यात मोठी मजल अमित पंघालची, २०१९ चं रौप्य. तेव्हा तुम्ही ज्याच्यावर अर्धा एकर लावताय तो वंशाचा दिवा आहे, हे एकदा तपासून घ्या. त्याची बहीण घरात भांडी घासता घासता त्याच्यापेक्षा चांगला जॅब मारत असेल. पण तिला स्थळं येतायत आणि नाक फुटलं तर अवघड होईल, हे मलाही समजतं.

एवढं सगळं निभावून पोरगं राष्ट्रीय संघात गेलं, की ते कोणत्या देशाकडून खेळणार आहे याची लेखी विचारणा करा. हसू नका. डिसेंबर २०१२ मध्ये निवडणुकीच्या घोळावरून आपल्या बॉक्सिंग महासंघाला आंतरराष्ट्रीय संघटनेनं निलंबित केलं, आणि आपली पोरं परदेशात तिरंग्याऐवजी त्या संघटनेच्या झेंड्याखाली उतरली. मग दुसरी संघटना आली, तिच्यात फाटाफूट झाली, २०१६ ला तिसरी आली. आपल्या भागातल्या माणसाला यात उलगडून सांगायचं काही नाही. संचालक मंडळ बरखास्त, प्रशासक नेमलेला, विरोधी पॅनेल कोर्टात आणि ऊस रानात वाळतोय, हे आपण पोटच्या पोरासारखं वाढवलेलं प्रकरण आहे. फरक इतकाच, की उसाला पुढचा हंगाम असतो. बॉक्सरचं तेविसावं वर्ष एकदाच येतं.

आपल्याला शिस्त लावणाऱ्या त्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पुढं काय झालं म्हणाल, तर २०१९ मध्ये ऑलिम्पिक समितीनं तिलाच निलंबित केलं आणि २०२३ मध्ये मान्यताच काढून घेतली. टोकियो आणि पॅरिसच्या लढती समितीनं स्वतः भरवल्या. वर्ल्ड बॉक्सिंग नावाचं नवं पॅनेल उभं राहिलं, २०२४ मध्ये भारत तिकडं गेला, आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सिंग असणार की नाही हे मार्च २०२५ पर्यंत टांगून ठेवलेलं होतं. तेवढे दिवस पोरं पहाटे पाचला उठून कशासाठी पळत होती, असा आगाऊ प्रश्न तुम्ही विचारू नये.

आता रिंगकडं येऊ. पोराला ठोसा मारायला प्रशिक्षक शिकवतील. तुम्ही घरी त्याला बेरीज शिकवा, आणि ती बेरीज चुकीची आली तरी गप्प बसायला शिकवा. १९८८ साली सोलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सनं अंतिम लढतीत यजमान देशाच्या पार्क सी-हुनला धू धू धुतलं. ठोशांची मोजणी झाली ती ८६ विरुद्ध ३२. निकाल ३-२, विजेता पार्क. त्याच ऑलिम्पिकचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून चषक दिला गेला तो हरलेल्या जोन्सला. म्हणजे अन्याय झाला असं कुणाला म्हणता येऊ नये, याची काळजी घेतली होती.

माणसाच्या डोळ्यावर भरवसा नको म्हणून मग यंत्र आलं. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. २००० साली सिडनीत गुरचरणसिंग उपांत्यपूर्व फेरीत युक्रेनच्या आंद्री फेडचुकशी खेळत होता. जिंकला असता तर विजेंदरच्या आठ वर्षं आधी पदक नक्की झालं असतं. शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी झाली, १२-१२. मग पंचांनी दाबलेल्या एकूण बटणांचा हिशेब काढला आणि गुरचरण हरला. पुढं २०१२ ला लंडनमध्ये विकास कृष्ण अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सवर १३-११ नं जिंकला, रिंगमधून उतरला आणि काही तासांनी हरला. अमेरिकेनं दाद मागितली, पंचांनी न दिलेले फाऊल नंतर मोजले गेले आणि निकाल १५-१३ असा उलटा. आपल्याकडं दुसऱ्या दिवशी निकाल फिरतो तो बाजार समितीचा. हे त्याच दिवशी फिरवतात. रिओनंतर चौकशी लागली तेव्हा तिथले सगळ्याच्या सगळे ३६ पंच बाजूला काढले, पण निकाल जिथल्या तिथं राहिले. बटणं २०१३ ला गेली, आता पाच पंच प्रत्येक फेरीला दहापैकी गुण देतात. पॅरिसला निशांत देव मेक्सिकोच्या मार्को व्हेर्देकडून उपांत्यपूर्व फेरीत १-४ नं हरला, तेव्हा आपल्याकडं जे टीव्हीसमोर बसले होते त्यांतल्या बऱ्याच जणांचा हिशेब वेगळा येत होता. टीव्हीसमोरच्यांना गुण द्यायचा अधिकार नाही.

म्हणून रोज संध्याकाळी घरी एक सराव घ्या. पोराला मधल्या खोलीत उभं करा, शेजारी त्याच्या चुलत भावाला. तुम्ही दोघांच्या मध्ये उभे राहून दोघांची मनगटं धरा. निकाल पुकारायला काकूला सांगा. आणि दरवेळी हात चुलत भावाचाच वर करा. त्या क्षणी पोराच्या मनगटाला जो हिसका बसतो तो आधी गेला पाहिजे, मग जबडा सैल पडला पाहिजे, मग समोरच्याच्या कोपऱ्यात जाऊन त्याच्या कोचशी हात मिळवता आला पाहिजे. हे जमेपर्यंत त्याला परदेशी पाठवू नका. सरितादेवीला २०१४ च्या आशियाई स्पर्धेत हे जमलं नाही. उपांत्य फेरीत कोरियाच्या मुलीविरुद्ध निकाल गेला, पदक देताना ती रडली आणि आपलं कांस्य त्या कोरियन मुलीच्याच गळ्यात घातलं. निकाल देणाऱ्यांचं काही बिघडलं नाही, सरिताला एक वर्षाची बंदी.

ठावठिकाण्याचं एक राहिलं. मोठ्या खेळाडूनं रोज कोणत्या तासाला आपण कुठं सापडू हे उत्तेजक चाचणीवाल्यांना आगाऊ कळवायचं असतं; बारा महिन्यांत तीनदा चुकलं की निलंबन. परवीन हुडा यातच अडकली आणि पॅरिसच्या तोंडावर तिनं मिळवलेली जागा देशाच्या हातून गेली. ५७ किलोत पुन्हा पात्रता मिळवायला दुसऱ्या मुलीला उतरावं लागलं. तेव्हा दारात अनोळखी माणूस सॅक घेऊन पहाटे सहाला उभा राहिला, तर "रानात गेलंय, येईल एवढ्यात, तुम्ही चहा घ्या" हे चालत नाही. भावकीत जावळ निघालं म्हणून न कळवता मुक्कामाला जायचं नाही. मामांना राग येईल. मामांचा राग बारा महिन्यांत जातो.

आणि समजा एवढ्यातूनही पदक आलं. कांस्य आलं तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, की बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं, तिसऱ्या क्रमांकाची लढत नसते. नाहीतर स्टेजवर प्रमुख पाहुणे विचारणार, "तिसऱ्या नंबरची कुस्ती कुणाशी झाली?" जीप, हलगी, गुलाल यांची चिंता करू नका, ते आपोआप जमतं. फ्लेक्सवर पोराचा फोटो खाली उजवीकडं, पासपोर्ट आकाराचा येतो. वरच्या जागा भरलेल्या असतात. शाली सांभाळून ठेवा, पुढच्याच्या सत्काराला उपयोगी पडतात. ज्यांनी वर्गणीच्या वेळी दार लावून घेतलं होतं ते आता, "मी तेव्हाच म्हणालो होतो," म्हणत पेढा भरवतील. तोंड उघडू द्या पोराचं. आता वजन बघायचं नाही.

मग नोकरी. खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ते प्रमाणपत्र खरं असल्याचं पडताळणीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ज्या लढती साऱ्या गावानं मोबाईलवर बघितल्या, त्या झाल्या होत्या हे एकदा कागदावर सिद्ध झालं की पोरगं पोलिसात लागतं. खाशाबाही १९५५ ला पोलिसातच लागले होते, तेव्हा परंपरा मोडत नाही. पहिली ड्युटी बहुतेक पोवई नाक्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी विजयी मिरवणुकीच्या बंदोबस्ताची असेल. तेवढं मात्र निघताना बजावून सांगा. गर्दीतलं कुणी अंगावर आलं तर डावा पुढं काढायचा नाही, साहेब बघत असतात. शिट्टी दिलेली आहे, ती वाजवायची.