‘लस घेऊनही होतोच’ या मेसेजला उत्तर

हे लिहिलं जानेवारी 2022 मध्ये, कोरोनाच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची लाट चालू होती तेव्हा. काल संध्याकाळी शेजारच्या मावशींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. “बघ की गं, काय लिहिलंय. आता तिसरी सुई मी काय घेत नाही.”

हा मेसेज आठवडाभर सोलापुरात या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: दोन डोस घेतलेल्यांनाही कोरोना होतोय, म्हणजे लस फुकट गेली. दवाखान्यात भरती असलेल्यांत निम्मे लस घेतलेलेच आहेत. देवीचा रोग लशीनं कायमचा गेला, मग परत परत घ्यावी लागणारी ही कसली लस? आणि ओमिक्रॉन ही साधी सर्दी आहे, होऊन जाऊ द्या, तीच निसर्गाची लस.

मावशी 63 वर्षांच्या. साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि चाळीस वर्षं विड्या वळून छातीत तंबाखूची धूळ बसली आहे. हा मेसेज त्यांनी खरा मानला तर त्याची किंमत तो पुढे ढकलणारा मोजणार नाही, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ‘निम्मे’ या शब्दाशी. त्याचा हिशोब टॉवेलच्या कारखान्यात नीट कळतो. समजा, एका मागावर 900 टॉवेल निघाले आणि दुसऱ्यावर 100. घडी घालताना खोट असलेले बाजूला काढले, तर दोन्हीकडचे दहा-दहा निघाले. खराब मालात निम्मा वाटा पहिल्या मागाचा, म्हणून मालक दोन्ही माग सारखेच बिघडलेत असं म्हणेल का? पहिल्यावर नव्वदात एक खराब, दुसऱ्यावर दहात एक. आता टॉवेलच्या जागी माणसं ठेवा: 900 लस घेतलेली, 100 न घेतलेली, दोन्हींतली दहा-दहा भरती. वॉर्डात निम्मे-निम्मेच दिसतील, पण लस न घेतलेल्याला धोका नऊपट. हे आकडे समजावण्यापुरते मी धरलेत, पण रीत हीच. लस घेतलेले जितके वाढतील तितका वॉर्डातही त्यांचा वाटा वाढणार. शहरातल्या सगळ्यांनी घेतली, तर भरती होणारा प्रत्येक जण लस घेतलेलाच असेल! शिवाय सामान्य लोकांत लस आधी मिळाली ती म्हाताऱ्यांना आणि आजारी माणसांना, म्हणजे ज्यांना मुळातच भरती व्हावं लागण्याची भीती जास्त. कुणी ‘निम्मे’ म्हणालं की लगेच विचारावं, किती जणांतले?

लस घेऊनही कोरोना होतो, हे मात्र खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. दोन डोस झाले की आता काही होत नाही, असं आपल्यातल्याच पुष्कळांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ती चूकच झाली. लस दंडात घेतो, विषाणू शिरतो नाकाघशातून. तिथला पहारा काही महिन्यांत सैल पडतो. त्यात ओमिक्रॉन विषाणूच्या अंगावरच्या काट्यांत तिसाहून जास्त बदल झालेत, त्यामुळे जुन्या ओळखीवर तो चटकन सापडत नाही. पण शरीर लशीची आठवण ठेवतं. ताप येतो, अंग दुखतं, आणि तोवर आतली यंत्रणा जागी होऊन कामाला लागते. मग फुप्फुसं वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. 2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्रभर फोन फिरवणाऱ्यांना ताप आणि धाप यांतला फरक सांगावा लागत नाही.

देवीचं उदाहरण तर अर्धवटच दिलंय. देवीचा विषाणू फारसा रूप बदलत नव्हता, जनावरांत लपून राहत नव्हता, आणि रोगी अंगावरच्या फोडांवरून ओळखू यायचा. तरीही 1796 साली जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं लस शोधल्यापासून 1980 साली जग देवीमुक्त जाहीर होईपर्यंत 184 वर्षं गेली. पोलिओचे दोन थेंब आपण पोरांना किती वेळा पाजले ते आठवा. गंजका पत्रा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन पुन्हा घेतोच, तेव्हा आधीचं फुकट गेलं असं कुणी म्हणत नाही.

राहिली ‘साधी सर्दी’. एकेका माणसापुरता ओमिक्रॉन हा डेल्टा या कोरोनाच्या आधीच्या प्रकारापेक्षा सौम्य दिसतोय, मान्य. पण गणित पुन्हा मांडू. शंभरात एकाला भरती करावं लागतं असं धरलं, तर 1000 बाधितांत 10 जण. शंभरात पावच धरलं, पण बाधित 8000 झाले, तर 20. आजार सौम्य झाला आणि खाटा दुप्पट लागल्या. त्यातच या लाटेत डॉक्टर आणि नर्सही आजारी पडताहेत. आजारातून प्रतिकारशक्ती मिळते हेही खरं, पण तिची किंमत आधी मोजावी लागते, आणि ती किती हे आजार संपल्यावरच कळतं. शिवाय डेल्टा होऊन गेलेल्यांनाही ओमिक्रॉन गाठतोच आहे.

आणि सौम्य कुणाला? मावशींच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं. वाऱ्यानं तंबाखू उडते म्हणून विड्या वळताना पंखा बंद, खिडकी लोटलेली. एक खोकला की पाचही जण त्याच हवेत. वळलेल्या हजारावर मजुरी मिळते, पडून राहिलं त्या दिवशी काहीच नाही. आठवडाभराची ‘साधी सर्दी’ त्या घरात महिनाभर पुरते. ‘होऊन जाऊ द्या’ लिहिणाऱ्यानं बहुतेक पगारी रजेत लिहिलं असावं.

मावशींशी बराच वेळ बोलले. टॉवेलचं त्यांना पटलं, मुलगा मागावरच आहे. खिडकी उघडी ठेवायचं अजून जमत नाही, म्हणून विड्या वळायचं सूप दुसऱ्या कोपऱ्यात हलवून बघितलं. 10 जानेवारीपासून साठीच्या पुढच्या, आजार असलेल्यांना तिसरा डोस सुरू झालाय आणि मावशींच्या दुसऱ्या डोसला नऊ महिने होऊन गेलेत. परवा भोगी, त्या दिवशी त्या हलणार नाहीत. म्हणून उद्या सकाळी कारखान्यात विड्या देऊन झाल्या की तिथूनच जायचं ठरलंय. आधार कार्ड त्यांनी रात्रीच विड्यांच्या पिशवीत टाकून ठेवलं.