खुलासा: पेगबोर्ड चाचणीत डावखुऱ्यांना नापास करत नाहीत

‘वेर्ण्याच्या कारखान्यांत असेंब्लीच्या भरतीला पिनांच्या फळीवर बुद्धीची परीक्षा घेतात, डावखुऱ्यांना बादच करतात,’ असा मेसेज गोव्यात डिचोली-पेडण्याच्या आयटीआय ग्रुपांवर फिरतोय. हे चुकीचं आहे. मी स्वतः कित्येक वर्षं ही चाचणी घेतली आहे.

ही पर्ड्यू पेगबोर्ड. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जोसेफ टिफिन यांनी १९४०च्या दशकात ती तयार केली. फळीवर २५-२५ भोकांच्या दोन रांगा असतात. एका हातानं, मग दुसऱ्या, मग दोन्ही हातांनी, दर वेळी ३० सेकंदांत किती पिना बसल्या ते मोजतात. शेवटी एक मिनिट जोडणी: पिन, वॉशर, कॉलर (छोटी नळी), पुन्हा वॉशर, हात आलटूनपालटून. मोजली जाते ती बोटांची चपळाई, बुद्धी नव्हे. डावखुऱ्यांची सुरुवात डाव्या हातानं करून घ्यायची, असा नियमच आहे. गार हातांनी मात्र बसू नका, बोटं अडखळतात. आधी चोळून घ्या.

काल एक डावखुरी मुलगी अर्ज मागे घ्यायला निघाली होती. फार वाईट वाटलं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.